जिथे मूळचं कुणीच नाही, त्या देशाची ओळख ठरवायची कुणी? (निमित्त मॉरिशस)

खाजणातला_बगळा (धागालेखक)

दोन वर्षं मॉरिशसला नोकरीनिमित्त काढून गेल्या महिन्यात परत आलो. क्वात्र बोर्नला ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो ते काका मराठी. म्हणजे कसे मराठी? काकूंशी बोलणार क्रिओलमध्ये (तिथली सगळ्यांची बोली), पेपर वाचणार फ्रेंच, सरकारी अर्ज भरणार इंग्रजीत. गणपतीत मात्र आरती तोंडपाठ, 'घालीन लोटांगण'सकट. एकदा जनगणनेचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "धर्माच्या रकान्यात आम्ही 'मराठी' लिहितो." मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हते. तिथे हिंदू म्हटलं की उत्तरेकडून आलेले हिंदी-भोजपुरीवाले असं लोक धरतात. तमिळ, तेलुगू आणि मराठी लोक स्वतःला वेगळे सांगतात, आणि जनगणनेच्या तक्त्यात 'मराठी' हा धर्म खरोखर छापलेला असतो.

आता मुद्दा. बाहेरून माणसं आली की देश समृद्ध होतो की त्याची ओळख पातळ होते, हा वाद आज युरोप-अमेरिकेत घरोघरी चालू आहे. पण तिथे निदान पातळ व्हायला मूळ रस्सा तरी आहे. मॉरिशसमध्ये तोही नव्हता. बेट रिकामं होतं. डच आले, गेले, फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, मग १८१०मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी भारतातून आपली माणसं नेली. मधे चिनी व्यापारी आले. सगळे पाहुणे, यजमान कुणीच नाही. अशा देशाची 'ओळख' म्हणजे नक्की काय? सगळ्या पाहुण्यांची बेरीज, की आणखी काही वेगळंच?

तिथे राहूनही मला उत्तर सापडलं नाही. तुमची मतं वाचायला आवडतील.

---

बटाटेवडा_अर्धी_पाव

धर्म: मराठी!! कुणीतरी शिवाजी पार्कात कळवा रे.

---

मी_नुसती_वाचक

रुमाल टाकून ठेवते. धागा दोनशेवर जाणार.

---

सह्यकडा

माझं मत सरळ आहे, कुणाला लागलं तर लागो. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे. ज्या देशात जाल तिथले व्हा. तिथली भाषा बोला, तिथल्या रीती पाळा. चार पिढ्या झाल्यावरही पूर्वजांच्या भाषेचा रकाना भरत बसायचं असेल तर त्याला राष्ट्र कशाला म्हणायचं? संमेलन म्हणा.

---

दप्तरदार

@सह्यकडा, 'तिथले व्हा' म्हणजे मॉरिशसमध्ये कुणासारखं व्हायचं? डोडो पक्ष्यासारखं? तिथला खरा मूळनिवासी तोच, आणि डच आल्यावर शंभरेक वर्षांच्या आत तोही संपला.

---

बटाटेवडा_अर्धी_पाव

दप्तरदारकाका फॉर्मात. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

टोरांटोची_थंडी

मी बावीस वर्षं कॅनडात आहे, त्यामुळे इकडचं सांगतो.

इथे बहुसांस्कृतिकता हे चक्क सरकारी धोरण आहे. पंतप्रधान असताना थोरल्या ट्रूडोंनी (पिएर) १९७१मध्ये संसदेत ते जाहीर केलं, १९८८मध्ये त्याचा कायदा झाला. मुलांना शाळेत शिकवतात की अमेरिका म्हणजे सगळं वितळवणारी मूस, आणि आपण म्हणजे रंगीत फरशांची नक्षी. ऐकायला गोड वाटतं. मी आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मराठी मंडळाची संक्रांत झाली. हलवा, तिळगूळ, बाहेर उणे अठरा. त्या दिवशी मलाही वाटलं, हाच तो देश.

पण ही नक्षी आधीपासून नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. चिनी माणसाकडून नुसतं देशात पाऊल ठेवायचे १८८५पासून ५० डॉलर घ्यायचे, १९०३पर्यंत ते ५०० केले, आणि १९२३मध्ये दारच लावून घेतलं ते १९४७पर्यंत. आपल्यासाठी वेगळी युक्ती होती. १९०८चा नियम असा, की मायदेशातून मध्ये न थांबता थेट प्रवास करून या. आता भारतातून कॅनडाला न थांबता येणारं जहाजच नव्हतं! 'भारतीय नकोत' हे शब्द कुठेही न लिहिता काम झालं. १९१४मध्ये 'कोमागाता मारू' ही बोट व्हँकुव्हरच्या बंदरात ३७६ जणांना घेऊन दोन महिने उभी होती. वीस-बावीस जणांना उतरू दिलं, बाकीच्यांना परत धाडलं. कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला तो वेगळाच.

१९६७मध्ये गुणांची पद्धत आली, म्हणजे शिक्षण, वय, भाषा, अनुभव यांचे गुण. वंश कागदावरून गेला. माझ्यासारखे त्या दारातून आत आलो. २०२१च्या जनगणनेत इथल्या दर शंभरातले २३ परदेशात जन्मलेले होते.

म्हणून मला वाटतं, ओळख ही आलेल्यांमुळे बदलते हे खरं, पण दारावर कोण उभा आहे आणि तो काय विचारतो, यावर ती जास्त ठरते.

---

निवडुंग

@टोरांटोची_थंडी, चांगला प्रतिसाद. पण फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताचं काय? तिथे ती रंगीत नक्षी कुणाला नकोच आहे म्हणतात.

---

टोरांटोची_थंडी

हो, क्वेबेकनं ती कधीच मनापासून घेतली नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही फ्रेंच लोक या देशाचे एक संस्थापक, आम्हाला तुम्ही 'अनेकांपैकी एक' करून टाकलंत. १९७७च्या भाषा कायद्यानं येणाऱ्यांची मुलं फ्रेंच शाळेत घातली. २०१९च्या कायद्यानं तिथल्या सरकारी शाळेतल्या नव्या शिक्षकांना पगडी, हिजाब, क्रूस काही घालता येत नाही. उलट, केंद्राच्या घोडेस्वार पोलिसांत १९९०पासून पगडीला परवानगी आहे. एकाच देशात दोन उत्तरं.

आणि या सगळ्यात जे खरोखर आधीचे, म्हणजे इथले आदिवासी, त्यांची मुलं उचलून निवासी शाळांत घालत होते. शेवटची शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली. नक्षीचं कौतुक करताना खालच्या जमिनीबद्दल कुणी बोलत नाही. मीही पहिली दहा वर्षं बोललो नव्हतो.

---

पाववाला_पिंट्या

सध्या कॅनडात घरं परवडत नाहीत आणि त्याचं खापर आपल्या विद्यार्थ्यांवर फुटतंय, त्यावर लिहा की. माझा भाचा ब्रॅम्प्टनला एका तळघरात सहा जणांत राहतो.

---

टोरांटोची_थंडी

पिंट्याशेठ, त्यावर वेगळा धागा काढा. इतकंच सांगतो की २०२४मध्ये सरकारनं विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली आणि कायमच्या रहिवाशांचे आकडेही खाली आणले. घरं बांधायची कुणी विसरलं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. भाच्याला सांगा, शनिवारी जेवायला ये. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

दप्तरदार

धागा मॉरिशसला परत नेतो.

इंग्रजांच्या साम्राज्यात १८३५च्या सुमारास गुलामगिरी संपली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडणार हे दिसू लागलं. मग करार. पाच वर्षांची बांधिलकी, महिना पाच रुपये, वर तांदूळ-डाळ. २ नोव्हेंबर १८३४ला 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं त्या बंदरातून आत गेली. काही परतली, काही पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली, बाकीची तिथेच राहिली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून भरती व्हायची आणि मुंबईची सर्वांत कमी. म्हणून मराठी तिथे थोडे.

बंदराशी ज्या पायऱ्या चढून ही माणसं आत गेली त्या अजून दाखवतात. आप्रवासी घाट म्हणतात त्याला, २००६पासून जागतिक वारसा.

'बहुसांस्कृतिक स्वर्ग' वगैरे वाचलं की मला १८६७चा कायदा आठवतो. करार संपलेल्या मजुरालाही गळ्यात बांधल्यासारखा पास जवळ ठेवावा लागे, आणि त्यावर फोटो. पास नसेल तर भटक्या म्हणून तुरुंग. रस्त्यावर अक्षरशः माणसांची शिकार चाले. १८७१मध्ये प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानं मजुरांच्या वतीनं अर्ज केला, तेव्हा विलायतेहून चौकशी आयोग आला. गंमत, म्हणजे दुःखद गंमत अशी, की त्या पासांसाठी काढलेले फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि लोक तिथे जाऊन आपले पणजोबा शोधतात. ज्या कागदानं माणसाला जखडलं, त्याच कागदामुळे नातवाला त्याचा चेहरा सापडला.

---

मी_नुसती_वाचक

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

---

उसाच्या_रानातली

सर्वांना नमस्कार. मी मॉरिशसची आहे. माझी मराठी शाळेतून शिकलेली आहे, म्हणून पुस्तकासारखी वाटेल. चुका पोटात घाला. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकविते.

हा धागा एका नातेवाइकाने पाठविला आणि मी दोन रात्री वाचला. देवनागरीत टंकलेखन करण्यास मला फार वेळ लागतो.

आमचे आडनाव हे खरे तर माझ्या खापर-पणजोबांचे पहिले नाव आहे. बंदरावरील कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, शेवटी 'जी' जोडले आणि तेच आमचे घराणे झाले. गाव कोणते, हे कुणास ठाऊक नाही. नोंदवहीत जिल्हा रत्नागिरी एवढेच आहे. आणि एक क्रमांक आहे. माझ्या वडिलांना तो क्रमांक पाठ होता.

सह्यकडा यांना सांगावेसे वाटते की आम्ही 'तिथले' झालो आहोत. मी स्वप्न क्रिओलमध्ये पाहते. रागावते क्रिओलमध्ये. पण क्रिओल कोणाच्याही पूर्वजांची भाषा नव्हती. ती या बेटावरच, मळ्यांवर, गुलामांच्या तोंडी जन्मली. आमच्याबरोबर जहाजातून न आलेली एकच वस्तू आमची सर्वांची आहे.

शाळेत मात्र मुलांना विचारतात, तुझी पूर्वजांची भाषा कोणती? हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी. क्रिओल ही शाळेत वैकल्पिक विषय म्हणून २०१२मध्ये आली, इतक्या उशिरा. घरात सर्व जण बोलत होते आणि वर्गात कोणी नाही.

---

खाजणातला_बगळा

ताई, या धाग्याला तुमचीच वाट होती. आणि तुमची मराठी आमच्या इथल्या निम्म्या बातम्यांपेक्षा शुद्ध आहे.

---

गुहागरकर

ताई, रत्नागिरी म्हटल्यावर आम्हाला राहवणार आहे का. तुमच्याकडे गणपतीत गोल धरून नाचतात म्हणे, 'झाकरी'? आमच्याकडे त्याला जाखडी म्हणतात, मुंबईकर बाल्या नाच म्हणतात. पायात घुंगरू, मधे ढोलकी, शक्तीवाले नि तुरेवाले सवालजवाब करतात. आमच्या वाडीत आता मुलं नाहीत नाचायला. सगळी विरार-नालासोपाऱ्याला. चाळिशीच्या आतले दोघे उरलेत आणि एकाचा गुडघा गेलाय.

---

उसाच्या_रानातली

होय, झाकरी! आमच्याकडे स्पर्धा होतात. पदांमधील कित्येक शब्दांचा अर्थ आम्हाला ठाऊक नाही, पण चाल ठाऊक आहे. आपल्याकडे नाचणारे कमी पडत असतील तर आमच्या मुली पाठवू का :) गणेश चतुर्थीला इकडे राष्ट्रीय सुट्टी असते.

---

बटाटेवडा_अर्धी_पाव

जाखडी निर्यात झाली आणि आता आयात करायची वेळ आली. यावर जीएसटी किती?

---

कडू_कारलं

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

मॉरिशस म्हणजे सगळे हातात हात घालून, हे पर्यटन खात्याचं चित्र. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला पडली. का? तर इंग्रज गेले की हिंदू बहुसंख्य राज्य करतील ही भीती. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत क्रिओल (मुख्यतः गुलामांचे वंशज) आणि मुसलमानांत दंगल, इंग्रज फौज बोलवावी लागली, आणि दोन महिन्यांनी १२ मार्चला झेंडा. त्या धास्तीनं कितीतरी गोरे आणि क्रिओल ऑस्ट्रेलियाला निघून गेले. १९९९च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट चार दिवस पेटलं.

आणि नोटांचं प्रकरण माहितेय का? तिथल्या नोटेवर इंग्रजी, तमिळ, हिंदी असा क्रम. १९९८च्या नव्या नोटांवर हिंदी वर गेली, तमिळ खाली आली. तमिळ लोक रस्त्यावर. शेवटी सरकारनं त्या नोटा मागे घेऊन नव्या छापल्या.

ही बहुसांस्कृतिकता नाही. हा वाटपाचा तराजू आहे. तुला एक सुट्टी, मला एक सुट्टी. गुलामगिरी संपली त्याची सुट्टी १ फेब्रुवारी, करार-मजूर आले त्याची सुट्टी २ नोव्हेंबर. एकाच मळ्यावर, एकाच चाबकाखाली राबलेल्यांच्या आठवणीसुद्धा दोन तारखांना.

---

दप्तरदार

कारल्याच्या तथ्यांशी वाद नाही, निष्कर्षाशी आहे. नोटेवरच्या भाषेच्या ओळीसाठी भांडण होऊन नोटा बदलल्या, माणसं मेली नाहीत. तराजू कटकटीचा असतो, पण तो मोडल्यावर काय होतं ते आसपासच्या देशांत पाहिलंय आपण.

(अवांतर: आपल्या नोटेवरच्या पट्टीत भाषा इंग्रजी नावांच्या अकारविल्हे आहेत. म्हणून मराठी आठवी. आपण ते खपवून घेतलं कारण बहुतेकांनी कधी वाचलंच नाही.)

---

पाववाला_पिंट्या

आत्ता पाकीट काढून मोजलं. खरंच आठवी.

---

सह्यकडा

मी माझ्या पहिल्या प्रतिसादातला थोडा भाग मागे घेतो. थोडाच. ताईंच्या लिहिण्यावरून उलट माझाच मुद्दा पक्का होतो. सगळ्यांची मिळून एक भाषा तयार झाली होती, क्रिओल. सरकारनं तीच धरायची होती. ते सोडून प्रत्येकाला आजोबांच्या पेटीची किल्ली देऊन बसवलं. पेट्या सांभाळता सांभाळता घर राहून गेलं.

---

उसाच्या_रानातली

सह्यकडा दादा, आपण म्हणता त्यात सत्य आहे. पण दुसरी बाजू ऐका. मराठी आमच्या लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. ती पेटी नसती तर शाळेत मराठी नसती, माझी नोकरी नसती, आणि आज मी आपल्याशी इंग्रजीत बोलत असते. रकान्याने आम्हाला वाचविले.

आणि रकान्याने छळलेही. आमच्या संविधानात चार समाज लिहिले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि ज्याची जीवनपद्धती या तिघांसारखी दिसत नाही तो 'सर्वसाधारण जनता'. म्हणजे क्रिओल लोकांना नावच नाही. उरलेले ते ते. निवडणुकीत ६२ जागा मतांनी भरतात आणि कमाल आठ जागा या समाजांचे प्रमाण सावरण्यासाठी देतात. प्रमाण अजून १९७२च्या जनगणनेचे, कारण त्यानंतर समाज विचारणे बंद केले. काही तरुण उमेदवारांनी 'आमचा समाज मॉरिशियन' असे म्हणून रकाना रिकामा ठेवला तर अर्ज बाद झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२मध्ये समितीने त्यांची बाजू उचलली. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली.

आता घरातील गोष्ट. माझ्या मुलाची पत्नी क्रिओल आहे, कॅथलिक. फार चांगली मुलगी. नातू पुढच्या वर्षी शाळेत जाईल. सुनेला वाटते त्याने क्रिओल घ्यावी. मुलगा म्हणतो, आई मराठी शिकविते आणि नातू दुसऱ्या वर्गात बसणार, लोक काय म्हणतील. मी अजून काही बोलले नाही.

---

मी_नुसती_वाचक

काकू, दोन्ही घेता येत नाही का?

---

उसाच्या_रानातली

दोन्हींचा तास आमच्या शाळेत एकाच वेळी असतो. त्यातच सर्व आले.

---

निवडुंग

वेळापत्रक करणाऱ्याला कल्पना तरी असेल का, की तो राष्ट्रीय प्रश्न सोडवतोय!

---

नागाववाली

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, जन्म अलिबागजवळचा, राहते इस्रायलमध्ये. तिथे सगळे 'परत आलेले', म्हणजे कागदावर कुणीच परकं नाही. तरी साठच्या दशकात आमच्या लोकांना लग्नासाठी पिढ्यांचे दाखले मागत होते, खरे ज्यू आहात का म्हणून. त्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि १९६४मध्ये तो प्रश्न मिटला. माझी सासू सांगायची, "भारतात आम्हाला कुणी विचारलं नाही तुम्ही कोण, शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे) म्हणून मोकळे झाले." आपलेच म्हणून बोलावतात तेव्हा चाळणी जास्त बारीक असते, एवढंच माझं म्हणणं. मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) अजून करते मी. पोहे इथे मिळतात.

---

गुहागरकर

नागावच्या ताई, पोह्यांचा धागा वेगळा काढा, मी येतो.

---

खाजणातला_बगळा

सगळ्यांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक गोष्ट मी सांगायची टाळली होती.

मी राहायचो त्या रस्त्याच्या टोकाला एका कपड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचं वसतिगृह होतं. बांगलादेशी मुलं, थोडी नेपाळी, मागून काही मादागास्करची. ठरावीक वर्षांच्या परवान्यावर आलेली. रविवारी पैसे पाठवायच्या दुकानासमोर रांग. घरमालक काका एकदा गच्चीतून त्या रांगेकडे बघत म्हणाले, "हे लोक इथे राहायला नकोत. आमच्या लोकांसारखे नाहीत. कामापुरते बरे." ज्या काकांच्या घरात दिवाणखान्यात आजोबांचा पासवरचा फोटो मोठा करून फ्रेम केलेला आहे, ते काका. मी गप्प राहिलो. भाडेकरू होतो.

काल त्यांना फोन केला. हा धागा त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोडक्यातोडक्या क्रिओलमध्ये अर्धा तास सांगितला. नोटांच्या भांडणावर हसले, ताईंच्या नातवाच्या गोष्टीवर 'आ, साम्मेम' म्हणाले, म्हणजे 'हं, असंच असतं'. मग मी ती रांग आठवते का विचारलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, त्यातला एक मुलगा आता खालच्या खोलीत भाड्याने राहतो, चटगावचा. डाळपुरी चांगली करतो. क्रिओल माझ्यापेक्षा बरी बोलतो म्हणे.

त्याचा रकाना कोणता, ते विचारायचं राहून गेलं.

---

बटाटेवडा_अर्धी_पाव

आधी डाळपुरीची पाककृती विचारा.

---

उसाच्या_रानातली

डाळपुरीची कृती मी देईन. आमच्याकडे ती जोडीने खातात, दोन एकावर एक, मध्ये घेवड्याचा रस्सा आणि वर मिरचीची चटणी. रविवारी लिहिते. त्या दिवशी सून माहेरी असते आणि संगणक मोकळा असतो.